बोटीच्या बॅगेतलं टमरेल

मित्रांनो, माझं नाव ऐकल्यावर तुमच्यातले निम्मे फिदीफिदी हसतील आणि उरलेले नाक धरतील. दोन्ही चालेल, मला सवय आहे. फक्त नाक धरलं तरी कान मोकळे ठेवा.

मी एक जुनं टमरेल आहे.

टमरेल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आपल्या आजोबांना एकटे गाठून विचारावं. चारचौघांत विचारू नये. थोडक्यात सांगतो. सकाळी उठल्यावर माणूस ज्या कामाला चहाच्याही आधी आणि फार घाईनं जातो, त्या कामाला पाणी घेऊन सोबत जाणारं भांडं म्हणजे मी. रोज सकाळी माणसाला पहिली आठवण माझी येते. मान मोठा आहे, पण तसं कोणी बोलून दाखवत नाही.

माझा जन्म डोणगावचा, पण घराणं खामगावचं. तिथल्या एका तेलाच्या मिलमध्ये मी सरकीच्या तेलाचा डबा होतो. डोणगावच्या किराणा दुकानात तेल संपलं आणि रिकामा डबा अब्दुल गनींच्या हाती आला. अब्दुल गनी म्हणजे पत्र्याची भांडी करणारे कारागीर. त्यांनी डबा कापला, पत्रा गोल वळवला, बुड बसवलं, धरायला कान लावला आणि सांध्यांवर डाग दिला. कथील वितळवून सांधा बुजवतात, त्याला डाग देणं म्हणतात. एका डब्यातून त्या दिवशी तिघं जण निघालो. एक पिठाची चाळणी, एक रॉकेलची चिमणी आणि एक मी. तिघांनाही शेजारच्या गुलाबरावांनीच विकत घेतलं.

चाळणी थेट स्वयंपाकघरात गेली. चिमणी कोनाड्यात बसली. मला अंगणाच्या टोकाला बाभळीच्या खुंटीला अडकवलं. पत्रा एकच, तेल एकच, कारागीर एकच. पण मित्रांनो, स्वयंपाकघराचा उंबरा मी कधी ओलांडला नाही. आतून भाकरीचा वास यायचा, चाळणीचा चाळ-चाळ आवाज यायचा, आणि मी बाहेर खुंटीवर वाऱ्यानं हलत राहायचो. माझी तक्रार नव्हती. टमरेलाला तक्रार करायची सोय नसते.

गुलाबराव तेव्हा तरणे होते, अडतीवर पोती वाहायचे. एका वर्षी सहा डिसेंबरला ते गावातल्या माणसांबरोबर मुंबईला चैत्यभूमीला गेले. पिशवीत भाकरी, ठेचा आणि तळाशी मी. रांग लांब होती. अभिवादन झाल्यावर गुलाबराव पुस्तकांच्या दुकानांकडे वळले आणि तिथं त्यांचं भान सुटलं. पुस्तकं घेतली, आणखी घेतली, दोन गाठोडी झाली. मग ते वाळूत येऊन उभे राहिले. समोर समुद्र होता. आयुष्यात पहिल्यांदा. त्याला हात लावावा असं त्यांच्या फार मनात आलं, पण एकही हात रिकामा नव्हता. पुस्तकं वाळूत ठेवावीत तर भिजतील. कोणाजवळ द्यावीत तर ज्याच्या त्याच्या हातात ज्याची त्याची गाठोडी. इतक्यात गावातली माणसं ओरडायला लागली, "चाल बे गुलाब, गाडी सुटते."

"पुढच्या खेपेले," गुलाबराव समुद्राला म्हणाले आणि निघाले.

मला तर समुद्र दिसलाही नाही, मी पिशवीत होतो. फक्त आवाज ऐकला. तो माझ्या पत्र्यात जाऊन बसला. रिकामा असलो की तो मला आतल्या आत ऐकू यायचा. तुम्ही कान लावला असता तर तुम्हालाही आला असता, पण टमरेलाला कान कोण लावणार.

ती पुढची खेप काही आली नाही. कधी आई आजारी, कधी हंगाम, कधी लेकीची परीक्षा. पुस्तकं मात्र घरात नांदली. गुलाबरावांची बायको जनकाबाई त्या पुस्तकांवर वाचायला शिकली. तेव्हापासून तिच्या लेखी कागद म्हणजे कागद. पेपराच्या तुकड्याला चुकून पाय लागला तरी ती वाकून बोटं टेकवणार आणि कपाळाला लावणार. चिवड्याचा पुडा सोडला की आधी कागद वाचणार, मग चिवडा खाणार.

माझे कामाचे दिवसही गमतीचे होते. एकदा पहाटे रस्त्यात पथक आडवं आलं. उघड्यावर जाणाऱ्यांना लाजवायला त्यांनी फुलं आणली होती. गुलाबरावांना एक फूल दिलं. एका हातात विडी, दुसऱ्या हातात मी, म्हणून त्यांनी ते फूल माझ्यात ठेवलं. त्या दिवशी मला वास येत होता, आणि तो गुलाबाचा होता. पुढे घरी संडास बांधला. त्याच्यासमोर उभं करून गुलाबरावांचा फोटो काढला, त्यांच्या हातात मी आहे. माझा तेवढाच फोटो.

मग लेक समता पुण्याला नोकरीला लागली. तिनं फरशी बसवली आणि भिंतीला एक नळी लावून घेतली. बटण दाबलं की पाणी. माझं काम एका बटणात संपलं. काही दिवस मी मोगऱ्याला पाणी घातलं, काही दिवस कोंबड्यांना पाजलं. बुड गळायला लागलं तेव्हा माझी रवानगी स्लॅबवर झाली. वर ऊन, खाली कौतुकानं बांधलेला संडास. असे दिवस कोणावर येऊ नयेत.

त्याच सुमाराला गुलाबरावांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. समतानं आईबाबांसाठी बोटीच्या सहलीची तिकिटं काढली होती, ती त्याच्या आधीच. बाबांना समुद्र दाखवायचा हे तिच्या कधीपासून मनात होतं. आता बाबा बाजेवरून उठू शकत नव्हते. ती तिकिटं परत करायला निघाली तर गुलाबराव म्हणाले, "मायी सोय गनी करते. तू अन् जनका जा. पाहून या, अन् मले सांगजा."

निघायच्या आदल्या दिवशी समता बॅग भरायला बसली. बाज खिडकीशी होती, गुलाबराव बघत होते. त्या सकाळी स्लॅबवर गोधडी वाळत घालताना जनकाबाईनं मला खाली आणून खिडकीत ठेवलं होतं, म्हणून मलाही सगळं दिसत होतं. समतानं एकेक जिनस पलंगावर मांडला. टॉवेल, ब्रश, कंगवा इथवर ठीक चाललं होतं.

"हे काय वं?" जनकाबाईनं विचारलं.

"टिश्यूचे रोल."

"अन् हे?"

"ओले टिश्यू. तोंड पुसायला वेगळे, बाकीचे वेगळे. सरमिसळ करू नको."

"अन् ह्या पट्ट्या?"

"कागदी साबण, आई. एक पट्टी घ्यायची, पाण्यात हात चोळायचे, विरघळून जाते."

जनकाबाईनं पट्टीचा वास घेतला आणि परत ठेवली. मग तिच्या हातात एक घडी आली. उलगडली तर मोठा पातळ कागद, मधोमध भोक.

"सीट कव्हर आहे ते. कमोडवर टाकायचं आणि वर बसायचं."

जनकाबाईनं तो कागद उजेडात धरला. या बाजूनं पाहिला, त्या बाजूनं पाहिला.

"कोरा हाय," ती म्हणाली. "एका बाजूनं बी लिहेल नाई."

"लिहायचा कागद नाही तो."

"कागद तं हाय ना? अन् हे रोल कशाले?"

समतानं एकदा बाबांकडे पाहिलं आणि आवाज बारीक करून सांगितलं. बोटीवर पाणी नसेल तर कागदानंच सगळं आवरायचं. बाहेरचे लोक तसंच करतात.

जनकाबाईनं कागदाची नीट घडी घातली, जशी होती तशी.

"मी नाई येत," ती म्हणाली.

"आई, असं काय करतेस?"

"कागदाले पाय लागला तं आपण पाया पडतो. अन् तू मले त्याच्यावर बसवून राह्यली. वरतून त्यानंच…" पुढचं ती बोलली नाही. "ज्याच्यावर वाचाले शिकली, त्याच्यानं हे काम मायच्यानं होनार नाई, बाई. तू जा एकटी."

"सगळे वापरतात गं."

"वापरोत. त्यांच्या घरी कागद जास्त झाला असन."

समताचा चेहरा उतरला. तिनं रोल बॅगेत ठेवले, काढले, परत ठेवले. आई गेली नाही तर बाबांना समुद्र सांगणार कोण? मोबाईलवर बोटीचे फोटो तर तिनं केव्हाच दाखवले होते. बाबा ते बघून 'बरं हाय' म्हणाले होते. माणूस एखाद्याच्या लग्नाचा अल्बम बघून म्हणतो ना, तसं.

तेव्हा बाजेवरून गुलाबराव म्हणाले, "टमरेल ने."

खिडकीत मी एकदम ताठ झालो. पत्र्याला जितकं होता येतं तितकं.

"बाबा, बोटीवर? टमरेल?" समता म्हणाली. "तिथं मशीनमधून बॅग जाते. सगळ्यांसमोर दिसेल ते."

"दिसू दे. आपल्या घरचं हाय."

दारात अब्दुल गनींची बायको जमीला उभी होती, वाटीत आंब्याचं लोणचं घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. जमीला दारात उभी राहिली की ऐकूनच आत येते.

"त्याच्यात काय लाजाचं?" ती म्हणाली. "मी हजले गेली तवा अटॅचीत पह्यले लोटा ठेवला. पासपोर्ट बादमें."

"काकी, ते वेगळं."

"काय वेगळं? पानी पानीच राह्यते, विमानात बी अन् बोटीत बी. कागदानं भांडं घासतं का कोनी? मंग?"

समतानं मला खिडकीतून उचललं. जमीलाचं हे म्हणणं मला आधी कधी सुचलं नव्हतं.

राहता राहिलं माझं बुड. अब्दुल गनींनी हत्यारं केव्हाच माळ्यावर टाकली होती, हात थरथरायचे. तरी ते आले. मला उलटं करून टिचकी मारली. "हा डाग मायाच हाय," म्हणाले. स्टोव्ह पेटवला, कथील वितळवलं आणि जुन्या सांध्यावर नवा डाग दिला. हात थरथरला, म्हणून डाग जरा वाकडा पडला.

"जनकाबाई, सांगून ठेवतो," ते म्हणाले. "पानी भरा, चालते. पन मीठ लागू देऊ नका, अन् धक्का लागू देऊ नका. म्हातारं झालं हे. मायासारखंच."

जनकाबाईनं मला राखेनं घासलं, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. मी इतका चमकलो की ओळखू येईना. जागा वाचावी म्हणून समतानं टिश्यूचा रोल माझ्याच पोटात बसवला. असे आम्ही दोघं, कागद आणि मी, एकमेकांशी न बोलता मुंबईला पोचलो.

बंदरावर बॅग मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर माझी अंतर्बाह्य आकृती उमटली. साहेबानं बॅग उघडायला लावली आणि मला दोन बोटांनी उचललं.

"यह क्या है?"

"अँटिक पीस आहे," समता घाईनं म्हणाली.

"टमरेल हाय, साहेब," जनकाबाई म्हणाली.

मागच्या रांगेत खसखस पिकली. साहेबानं मला नीट खाली ठेवलं. मग हळूच मराठीत विचारलं, "गाव कोणतं, मावशी?"

"डोणगाव. मेहकरच्या पुढं."

"माझं लोणार," साहेब म्हणाला. "घ्या. जा."

मित्रांनो, इथून माझ्या आयुष्याचं सोनं व्हायचं होतं. बोटीवरची खोली उघडली. समतानं बाथरूमचं दार उघडलं आणि दोघी मायलेकी दारातच उभ्या राहिल्या. भिंतीला नळी होती. बटण दाबलं की पाणी. अगदी डोणगावसारखी.

कागद नको होता. मीही नको होतो. जनकाबाईनं मला शाम्पूच्या बाटलीशेजारी ठेवलं आणि नुसतं "हं" म्हणाली. पलीकडे बॅगेत कागदी साबण, सीट कव्हर आणि उरलेले रोल तसेच पडून होते. त्या सहलीत मला पहिल्यांदा कागदाविषयी आपुलकी वाटली.

भिंतीपलीकडून समुद्राचा आवाज येत होता. तोच, माझ्या पत्र्यात बसलेला. आतला आणि बाहेरचा आवाज एकमेकांना हाका मारत होते आणि मध्ये भिंत होती. मला वाटायचं, कोणीतरी मला उचलून नुसतं कठड्याशी नेऊन धरावं. पण लोक टमरेल घेऊन फिरायला जात नाहीत. निदान बोटीवर तरी.

जनकाबाईची गत फार वेगळी नव्हती. ती रोज कठड्याशी उभी राही. खाली पाही तर समुद्र खूप खोल, जणू दहाव्या मजल्यावरून दिसणारी विहीर. रेंज होती तेव्हा गुलाबरावांचा फोन आला. बोलणं बाथरूमपर्यंत ऐकू येत होतं.

"कसा हाय?"

"मोठा हाय."

"हात लावला का?"

"नाई. हात पुरत नाई. लई उंचावर ठेवते आमाले."

"बरं," गुलाबराव म्हणाले.

समुद्रावर राहून, समुद्रावर जेवून, समुद्रावर झोपून जनकाबाईला समुद्राचा थेंब लागला नव्हता. मला वाटतं, ते 'बरं' तिच्या जिव्हारी लागलं. बोट मुंबईला परतली, सामान उतरलं, मेहकरकडे जाणारी ट्रॅव्हल्स संध्याकाळी होती. समता म्हणाली, आई, चल, कुठंतरी बसू. जनकाबाई म्हणाली, "चैत्यभूमीवर चाल."

अभिवादन करून ती वाळूत उतरली. बॅग उघडली, माझ्या पोटातून रोल काढला, साडीचा काठ वर खोचला आणि मला हातात घेऊन पाण्यात शिरली. गर्दी नव्हती. गुलाबराव तेव्हा उभे राहिले होते ती जागा कोणती, हे तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मलाही नव्हतं, मी पिशवीत होतो, पण आवाज तोच होता.

लाट आली आणि समुद्र माझ्यात आला.

आयुष्यभर मी पाणी वाहिलं. विहिरीचं, हापशाचं, टँकरचं. कुठलंच पाणी माझ्यात येताना असं आवाज करत आलं नव्हतं.

"बाटलीत भर ना, आई," समता म्हणाली. "सोपं पडेल."

"बाटलीतलं पानी स्टँडवरून घेतल्यासारखं दिसते. तुया बाबाले खरं वाटनार नाई." जनकाबाईनं माझ्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी ताणली, वर रबर चढवलं. "अन् हे त्या टाइमाले बी संगं होतं. त्याचं बी राह्यलं होतं."

गाडीत समतानं मला मांडीवर घेतलं. हिंदकळू नये म्हणून भोवती टिश्यूचे रोल रचले. मी गुपचूप बसलो. अब्दुल गनींनी दोन गोष्टींना मनाई केली होती, मीठ आणि धक्का. मीठ पोटात होतं आणि धक्के रस्त्यात होते. उजाडता उजाडता सिंदखेडराजाच्या आसपास एका खड्ड्यात गाडी अशी आपटली की वाकडा डाग सुटला.

"आई, गळतंय," समता म्हणाली. मांडी ओली झाली होती.

गाडीत अंधुक उजेड होता. जनकाबाईनं हात लावून पाहिलं. पाणी सांध्यातून निघून रोलमध्ये शिरत होतं. कागद समुद्र पीत होता, आणि त्याला किती तहान आहे हे सांगता येत नव्हतं.

"तो कागद काढ अगुदर. तो सारा पिऊन टाकते."

समतानं रोल फेकले. मग तिनं मला तिरपं केलं, चाचपून भोक शोधलं आणि त्यावर बोट दाबून धरलं. जिनं मला अँटिक पीस म्हटलं होतं, तीच समता. मेहकर आलं, लोक चढले उतरले, तिनं बोट काढलं नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय त्याच्यात?"

"समुद्र," समता म्हणाली.

बाईनं जागा बदलली.

घरी पोचलो तेव्हा अब्दुल गनी बाजेशी बसून गुलाबरावांना चहा पाजत होते. आम्ही नसताना बाज आतल्या खोलीत हलवली होती, आणि आतल्या खोलीची वाट स्वयंपाकघरातून. जनकाबाई मला घेऊन पुढे, बोट लावलेली समता तिला चिकटून. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जनकाबाईचा पाय थांबला. सवय असते, मित्रांनो. माझा दोष नाही, तिचाही नाही.

"गनीभाऊ, फळीवरची वाटी देता का?" ती म्हणाली. "त्याच्यात वतून आनतो."

"वाटी काऊन?" आतून गुलाबराव म्हणाले. "तसंच आन."

"अहो, टमरेल हाय ते."

"मले माहीत नाई का? इतकी वर्षं संगं नेलं." लकव्यानं शब्द हळू यायचे. "लहानपनी हाटेलात आपली कपबशी बाहेरच्या खुंटीले अडकवेल राहे. दुसऱ्यानं वरतून चहा वतावा, आपन प्यावा, धुवून परत अडकवावी. बाहेर ठेवेल भांडं मी लई पाह्यलं, जनका. आन त्याले अंदर."

जनकाबाईनं उंबरा ओलांडला. फळीवर माझी बहीण चाळणी होती. तिच्या अंगाला पीठ होतं. आम्ही एकमेकांना ओळखलं.

तळाशी ओंजळभर समुद्र उरला होता. गुलाबरावांनी डावा हात उचलला, तोच चालत होता. बोटं माझ्यात बुडवली आणि तिथंच ठेवली. बराच वेळ ठेवली. मग एक बोट जिभेला लावलं.

"खारट हाय," ते म्हणाले.

"मंग काय गोड राह्यन?" अब्दुल गनी म्हणाले, आणि दुसरीकडे तोंड करून चष्मा पुसायला लागले.

गुलाबरावांनी हात पुन्हा पाण्यात घातला. डोळे मिटले.

"समता, बोट काढ आता."

"सगळं गळून जाईल, बाबा."

"जाऊ दे. मायं झालं."

समतानं बोट काढलं. ते पांढरं पडलं होतं, सुरकुतलं होतं. समुद्र माझ्यातून थेंब थेंब सांडला आणि जमिनीवरून चुलीकडे, मग उंबऱ्याकडे, मग अंगणात गेला. त्याला कोणी अडवलं नाही.

त्या दिवसापासून मी गंजलो. अब्दुल गनींनी मला उजेडात धरलं, माझ्यातून त्यांना खिडकी दिसली. "आता डाग द्यायले पत्राच राह्यला नाई," म्हणाले. पण मला स्लॅबवर कोणी नेलं नाही. गुलाबरावांच्या उशाशी पुस्तकांची फळी आहे, तिथं मी असतो. माझ्यात ते चष्मा ठेवतात. जनकाबाईनं ते सीट कव्हरचे कागद, भोक चुकवून कापून, जुन्या पुस्तकांना कव्हर म्हणून घातले आहेत. रोज सकाळी गुलाबरावांचा डावा हात माझ्याकडे येतो, चष्मा घेतो, आणि जाता जाता माझ्या कडेवर क्षणभर थांबतो. मग कोणी नसलं की ते वाकून कान लावतात.

त्यांना ऐकू येतं. मला ठाऊक आहे, कारण ते हसतात.

तर मित्रांनो, तुमच्याही घरी कुठं खुंटीवर, स्लॅबवर, मोरीच्या मागं एखादं भांडं कधीपासून बाहेर पडलेलं असेल. त्याला एकदा आत घ्या. आधी घासून घ्या, हे मी तुम्हाला सांगायला नको.